गुडघा दुखतो म्हणून चालणे सोडू नका!

गुडघेदुखी सुरू झाली की अनेक जण सकाळचे फिरणेच बंद करतात. नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांवर खापर फोडणे सोपे आहे. पण घरी बसणे हा त्यावरचा उपाय नाही. गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू पेलतात. हालचाल थांबली की ते अशक्त होतात आणि दुखणे बळावते.

काय बदलावे?
- सेमिनरी हिल्सचा चढ-उतार काही दिवस टाळा. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. सपाट मैदानात चाला.
- खुर्चीत बसून पाय सरळ करा, 5 सेकंद तसाच धरा. प्रत्येक पायाने 10 वेळा. मे महिन्याच्या उन्हातही हा व्यायाम घरात होतो.
- वजन जास्त असल्यास घटवा. 2005 मधील अमेरिकी अभ्यासानुसार, 1 किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने कमी होतो.

किती दुखले तर थांबावे?
सहन होईल इतके दुखणे चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर अंतर कमी करा. मात्र, गुडघा सुजून गरम झाला, अडकला किंवा पायावर भार देता येत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.