घाटाचा हिशेब

कोणी घरच्या घरी हलकी विजेची गाडी बांधली की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका चार्जमध्ये किती जाते? बांधणाराही साठ, ऐंशी असा एखादा आकडा अभिमानाने सांगतो. माझ्या मते या आकड्याला कार्यक्षमता म्हणणे बरोबर नाही. बॅटरी दुप्पट केली की तो वाढतो, गाडी मात्र जड होते. पेट्रोलची टाकी मोठी केली म्हणून मोटारीचे ॲव्हरेज वाढले, असे आपण कधी म्हणत नाही.

विचारायला हवे ते हे, की दर किलोमीटरला किती वॉट-तास वीज लागली. आणि तीही बॅटरीपाशी नव्हे, भिंतीवरच्या प्लगपाशी मोजलेली. चार्जरच्या आधी एक साधा सबमीटर बसवला की काम भागते. चार्जरमध्ये वीज वाया जाते, बॅटरीत जाते. लेड-ॲसिड बॅटरीत तर पाव हिस्सा सहज जातो. ही घट न धरता सांगितलेला आकडा म्हणजे दळणाची तूट न धरता सांगितलेले पीठ.

पण याहूनही मोठी गोष्ट रस्त्याची. मावळात राहून गाडी बांधणाऱ्याने तळेगाव-वडगावच्या बाजूच्या बऱ्याचशा सपाट रस्त्यावर घेतलेला आकडा खंडाळ्याच्या घाटात फारसा उपयोगी पडत नाही. दोन माणसांसह ४५० किलो भरणारी एक गाडी कल्पू आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरू. सपाटीवर टायरांच्या घर्षणाला दर किलोमीटरमागे सुमारे १५ आणि हवेला सुमारे १३, असे चाकांपाशी २८ वॉट-तास लागतील. मोटर, कंट्रोलर आणि साखळी यांची मिळून कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ३५, आणि बॅटरी लिथियमची असेल तर प्लगमधून ४२ च्या आसपास. आता हीच गाडी खोपोलीहून जुन्या महामार्गाने लोणावळ्याला चढवा. अंतर सुमारे १५ किलोमीटर, चढ सुमारे ५५० मीटर. नुसती उंची गाठायलाच ६७० वॉट-तास हवेत. घर्षण आणि हवा धरून बॅटरीतून १,३७० च्या घरात, म्हणजे किलोमीटरला ९१. सपाटीवर ८० किलोमीटर जाणारी गाडी या चढावर तीस किलोमीटरच्या हिशेबाने रिकामी होऊ लागते. पुण्यात एआरएआयमध्ये होणाऱ्या अधिकृत चाचण्याही गाडी रोलरवर चढवून, ठरावीक वेगचक्राने होतात. दोन गाड्यांची तुलना करायला त्या योग्यच आहेत. पण रोलरला घाट नसतो.

याच उंचीने मुंबईला वीज दिली, हे येथे आठवते. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. एक घनमीटर पाणी एवढे खाली आले की साधारण एक युनिट मिळते. आपली गाडी एकदा वर यायला प्लगमधून दीड युनिटाहून थोडी अधिक वीज घेते. म्हणजे दीड हजार लिटर पाणी खाली गेले की दोन माणसे वर आली.

घाट उतरताना ही ऊर्जा परत मिळवावी, असे प्रत्येक बांधणाऱ्याच्या मनात येते. रेल्वेने ते करून दाखवले आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ चा, चढ ३७ ला १. हा मार्ग १९२९-३० च्या सुमारास विजेवर आला तेव्हा ज्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत, ती उतरताना वीज तारेत परत घालत आणि चढणाऱ्या गाडीला ती उपयोगी पडे. मात्र रेल्वेचे पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे घर्षण न होता धावते, आणि गाडी शेकडो टनांची. आपल्या ४५० किलोंच्या गाडीत उतारावरही हवा आणि टायर ४२० वॉट-तास खातात. उरतात २५०, त्यांतले बॅटरीत पोचतात जेमतेम २००. एवढीच बचत गाडीचे वजन ८० किलोंनी उतरवले तर चढतानाच होते. लेड-ॲसिडच्या जागी तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी घातली, तर त्यातला मोठा भाग एकट्या बॅटरीतून निघतो. ज्याच्यापाशी पैसे आणि सवड दोन्ही बेताची आहेत, त्याने रिजनरेटिव्ह ब्रेकिंगच्या मागे लागण्यापूर्वी गाडी काट्यावर घालून पाहावी, असे मला वाटते.

आणि लोणावळ्याला राहणाऱ्यासाठी याला आणखी एक बाजू आहे. तो रात्री बॅटरी पूर्ण भरतो आणि सकाळी घाट उतरू लागतो. भरलेल्या बॅटरीला परतीची वीज घेता येत नाही. मोटरचा रोध सुटतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. खोपोलीला पोचेपर्यंत ते २५० वॉट-तास उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरतात. ही उष्णता तीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी आहे, आणि घरी बांधलेल्या हलक्या गाड्यांत पुष्कळदा स्कूटरचे लहान ड्रम ब्रेक बसवलेले असतात. पावसाळ्यात, धुक्यात, पुढे ट्रकची रांग असताना थांबत थांबत उतरायचे झाले, तर हवेची मदतही जवळजवळ नाहीशी होते आणि उष्णता आणखी वाढते. अशा गाडीची बॅटरी तीन युनिटांची असेल तर रात्री नव्वद टक्क्यांवर चार्जर बंद करावा, आणि पहिल्यांदा घाट उतरताना मध्ये थांबून ड्रम किती तापले आहेत ते पाहावे.