तक्रार नाही म्हणजे त्रास नाही?

हिवतापाच्या गोळ्यांचा त्रास झाल्याच्या तक्रारीच येत नाहीत, मग देखरेख ठेवायची कशावर, हा युक्तिवाद आरोग्याच्या क्षेत्रातली शहाणी माणसेही करतात. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तक्रार यायची कुठून हे कुणी पाहत नाही.

भामरागड किंवा एटापल्लीच्या एखाद्या पाड्यावर व्हायव्हॅक्स हिवतापाचा रुग्ण सापडला की त्याला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन द्यायचे, असे राष्ट्रीय धोरण आहे. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे पडले, ओठ निळसर दिसले तर गोळ्या बंद करून डॉक्टरांना कळवा, असे रुग्णाला सांगायचे, हेही त्याच धोरणात लिहिलेले आहे. सूचना उत्तमच. पण रुग्ण बोलतो माडिया आणि सूचना असते मराठीत. पावसाळ्यात नाला भरला की उपकेंद्र पलीकडे राहते. त्रास झालेला माणूस मुकाट्याने गोळ्या टाकून देतो, फार तर पुजाऱ्याकडे जातो, आणि रजिस्टरमध्ये नोंद पडते ‘उपचार अपूर्ण’. औषधाचा दोष असा रुग्णाच्या बेफिकिरीच्या खात्यावर जमा होतो. वर पोहोचणारा आकडा शून्यच असणार!

‘औषध जुने आहे, पारखलेले आहे’ असेही म्हणतात. जुने आहे हे खरे, पण धोकाही तितकाच जुना आणि माहितीतला आहे. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. प्रायमाक्विनमुळे त्यांच्या पेशी फुटतात. हे 1956 सालीच उलगडले होते. भारतात ही कमतरता काही आदिवासी समाजांत तुलनेने जास्त आढळते, आणि गोळी सर्वाधिक वाटली जाते तीही आदिवासी भागांतच. त्यात डोस ठरतो वयोगटाच्या तक्त्यावरून, वजनावरून नाही. आठ वर्षांचे कुपोषित पोर आठ वर्षांच्या धडधाकट पोराइतकीच गोळी गिळते.

परवाना मिळाला म्हणजे परीक्षा संपली असे मानणाऱ्यांनी ‘लॅपडॅप’ची गोष्ट आठवावी. क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांचे हे स्वस्त मिश्रण 2003 साली आफ्रिकेतल्या हिवतापासाठी मान्य झाले. पुढच्या चाचण्यांत जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या रुग्णांचे हिमोग्लोबिन घसरताना दिसले आणि 2008 साली कंपनीनेच ते मागे घेतले. पाच वर्षे ते औषध रीतसर मान्यताप्राप्त होते.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप वेगळाच आहे. दुष्परिणामांची चर्चा केली तर लोक गोळ्या घेणार नाहीत आणि हिवतापाने मरतील. ही भीती खोटी नाही. पण लोक गोळ्या आजही सोडतात, आणि का सोडल्या हे आपण विचारत नाही. शिवाय देखरेख म्हणजे औषधाला फाशी नव्हे. अमोडियाक्विन प्रतिबंधक म्हणून सतत घेणाऱ्या प्रवाशांत यकृताचे आणि पांढऱ्या पेशींचे गंभीर त्रास दिसले, तेव्हा ते बदनाम झाले. तरीही तीन दिवसांच्या उपचारासाठी ते आर्टेसुनेटच्या जोडीने पुन्हा वापरात आले. नोंदी होत्या म्हणून औषधही वाचले.

काळी लघवी खुद्द हिवतापानेही होते, मग दोष गोळीचा कशावरून? ते ठरवणे आशाताईंचे काम नाहीच. नोंदीला संशय पुरतो. कार्यकारण तपासायला तज्ज्ञ आहेत. त्यासाठीच 2010 साली भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला; त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादला आहे. 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे, रुग्णांसाठी मराठीतला अर्जसुद्धा आहे. मात्र या कार्यक्रमाची केंद्रे बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या रुग्णालयांत. जिथे मोबाईलला रेंज नाही तिथे निःशुल्क क्रमांकाचे कौतुक काय करायचे?

म्हणून ही जबाबदारी रुग्णाकडून काढून यंत्रणेवर टाकायला हवी. आशाताईंना रक्तनमुन्यामागे आणि उपचार पूर्ण करून घेतल्यावर मोबदला ठरलेला आहे. म्हणजे गोळ्या संपवण्याचे पैसे मिळतात, गोळी बाधली का हे विचारण्याचे मिळत नाहीत. गोळी बाधणाऱ्या रुग्णाच्या पेशी बहुधा पहिल्या आठवड्यातच फुटू लागतात. तेव्हा तिसऱ्या आणि सातव्या दिवशी गृहभेट ठेवावी, लघवीचा रंग त्या घरच्या भाषेत विचारावा, डोळे पाहावेत, संशय आला तर गोळी तिथल्या तिथे थांबवून रुग्णाला आरोग्य केंद्रात पोहोचवावे. अर्ज तालुका पातळीवर भरला जावा. तो आशाताईंच्या माथी नको, त्यांच्याकडे रजिस्टरे आधीच पुष्कळ आहेत. 2023 पासून सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांत रक्त तपासले जातेच आहे. त्याच वेळी जी-सिक्स-पीडीची चाचणी करून निकाल त्याच कार्डावर लिहायला कुणाची हरकत असावी?

चौदा दिवसांच्या औषधाचा हिशेब रिकाम्या पाकिटावरून मांडणे आता पुरे. तिसऱ्या दिवसाच्या भेटीचा मोबदला आरोग्यखात्याने येत्या पावसाळ्याआधी मंजूर करावा.