बी१ वरून बी२: ब्रिटनच्या वर्क व्हिसाची इंग्रजी परीक्षा आता कोणाला जड जाणार?

८ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी नव्याने अर्ज करणाऱ्याला इंग्रजीची बी२ पातळी दाखवावी लागते. आधी बी१ पुरायची. बातमी एका ओळीची, पण आमच्या सोनगीर-धुळे-शिरपूरकडच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर तिच्याबद्दल जे फॉरवर्ड फिरतायत त्यातलं बरंच चुकीचं आहे. "आता सात बँड लागणार", "ड्युओलिंगो चालतं", "इंग्लिश मीडियमचं सर्टिफिकेट दिलं की झालं काम". यातलं तिसरं अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं. त्यावर पुढे येऊच.

आधी बी१-बी२ म्हणजे काय ते. भाषा किती येते हे मोजायची युरोपात सहा पायऱ्यांची एक पट्टी आहे: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. बी१ म्हणजे ओळखीच्या विषयावर काम भागेल एवढी भाषा. बी२ म्हणजे मीटिंगमध्ये एखादी गोष्ट पटली नाही तर का पटली नाही हे सांगता येणं, समोरचा वेगात बोलला तरी धागा न सुटणं. आयईएलटीएसच्या हिशोबात बी१ साठी ४.० लागायचे, बी२ साठी ५.५ लागतात. पीटीईमध्ये ४३ चे ५९ झाले. सात बँड कुठेच नाहीत.

पण हे ५.५ चारही विभागांत वेगवेगळे हवेत. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग. लिसनिंगला ८ आणि रायटिंगला ५ पडले तर सरासरी कितीही छान दिसली तरी तुम्ही नापास. आपल्या कोडच्या भाषेत सांगायचं तर ही सरासरी नाही, अँड कंडिशन आहे. चारपैकी एक फॉल्स, की सगळं फॉल्स.

आता यात कोण अडकतं ते बघा. २२ जुलै २०२५ ला ब्रिटनने याच व्हिसाचे दोन नियम आधीच कडक केले होते. नोकरी पदवीच्या पातळीची हवी आणि पगार साधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड हवा, म्हणजे आपल्याकडचे पन्नास लाखांच्या घरात. त्यामुळे आयटीआय किंवा डिप्लोमा करून थेट कामावर जाणारे बरेचसे लोक भाषेच्या दारापर्यंत येण्याआधीच बाहेर पडले. बी२ चा नियम उरलाय तो पदवीधरांसाठी. आणि पदवीधरांतही पुण्या-मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेल्याला ५.५ ही काही फार मोठी गोष्ट नाही. खरी परीक्षा आहे ती दहावीपर्यंत मराठी शाळेत, घरात अहिराणी, आणि मग एकदम इंग्रजी पुस्तकांच्या कॉलेजात पडलेल्या पोराची.

हा पोरगा मी चांगला ओळखतो, कारण माझी अख्खी बॅच तशीच होती. आमच्याकडे पेपर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, पण सर फळ्यावर डेटा स्ट्रक्चर समजावणार ते मराठीत, आणि मागच्या बाकावर तेच पुन्हा अहिराणीत. त्यामुळे वाचन पक्कं होतं. डॉक्युमेंटेशन वाचून लायब्ररी वापरता येते, एरर मेसेज समजतो. चार वर्षांत इंग्रजीत सलग दोन मिनिटं बोलायची वेळ मात्र व्हायवा सोडून येत नाही, आणि व्हायवातही सर दया करतात. म्हणून आपल्याकडचे रीडिंगचे आणि स्पीकिंगचे आकडे एकमेकांचे नातेवाईक वाटत नाहीत.

आता ते इंग्लिश मीडियमचं सर्टिफिकेट. ब्रिटनच्या नियमात खरंच अशी वाट आहे: पदवी इंग्रजीतून शिकवली गेली असेल तर परीक्षा द्यावी लागत नाही. पण कॉलेजचं पत्र थेट व्हिसा अर्जाला जोडून चालत नाही. एक्टिस नावाची तिथली अधिकृत संस्था आहे. तिच्याकडे फी भरून अर्ज करायचा, मार्कशीट, पदवी आणि शिक्षणाचं माध्यम सांगणारं पत्र द्यायचं. तुमची पदवी ब्रिटनच्या पदवीच्या तोडीची आहे आणि ती इंग्रजीतून झाली, हे तिने मान्य केलं की तिचा संदर्भ क्रमांक अर्जात टाकायचा. जळगावच्या विद्यापीठाची डिग्री असो की दुसरी कुठली, कागद काढायला धावपळ आहे, पण परीक्षेचा ताण वाचतो. माझ्या मते बी.ई. झालेल्याने आधी ही वाट तपासावी, मग परीक्षेचा विचार करावा. क्लासवाले हे सांगत नाहीत, त्यांचं दुकान परीक्षेवर चालतं.

गंमत म्हणजे हाच कागद ऑस्ट्रेलियाच्या पॉइंटवाल्या स्किल्ड व्हिसाला चालत नाही, तिथे परीक्षाच लागते. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत तर इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसालाही परीक्षा द्यावी लागते. उलट अमेरिकेच्या एच-१बी ला आयटी इंजिनिअरसाठी इंग्रजीची परीक्षाच नाही. तिथला अडथळा वेगळा आहे: सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लागली, आणि त्यानंतर अमेरिकेकडे बघणाऱ्या अनेकांच्या नजरा बाकीच्या देशांकडे वळल्या.

परीक्षा द्यायचीच असेल तर नाव नीट वाचा. ब्रिटनच्या वर्क व्हिसाला साधी आयईएलटीएस चालत नाही, "आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय" लागते. प्रश्न तसेच, मार्क तसेच. फरक आहे तो केंद्राच्या सुरक्षेत, ओळख तपासण्यात आणि निकालावरच्या त्या खास क्रमांकात, जो ब्रिटनचा गृहविभाग ऑनलाइन पडताळतो. पीटीईचंही तसंच, नावात यूकेव्हीआय हवं. घरी लॅपटॉपवर देता येणारी ड्युओलिंगो काही विद्यापीठांना प्रवेशासाठी चालते, या व्हिसाला नाही.

ही एवढी कटकट आली कुठून? फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने लंडनमधल्या एका केंद्राचं छुपं चित्रीकरण दाखवलं. टोइक नावाच्या परीक्षेत उमेदवाराच्या जागी दुसराच माणूस बोलतोय, आणि पर्यवेक्षक उत्तरं वाचून दाखवतोय. मग परीक्षा घेणाऱ्या ईटीएस कंपनीने जुन्या रेकॉर्डिंगवर आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर चालवलं. एकच आवाज अनेक नावांखाली सापडला की परीक्षा बाद. तपासलेल्या ५८ हजारांहून जास्त परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरल्या. हा आकडा ऐकून कुठल्याही इंजिनिअरच्या पोटात खड्डा पडायला हवा. कुठलंही मॉडेल इतक्या लोकांना चोर म्हणत असेल तर आधी मॉडेल तपासावं लागतं. पुढे हजारो लोक अपिलात जिंकले, आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने गृहविभागाला ठपका दिला की निरपराध लोक यात भरडले जाऊ नयेत म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही. त्यात भारतातून गेलेले विद्यार्थीही होते. काहींची त्यात अनेक वर्षं गेली.

मशीन आजही तुमचा आवाज ऐकतं. आयईएलटीएसचं स्पीकिंग माणूस तपासतो, पीटीईचं मुख्यतः सॉफ्टवेअर. यावर आपल्याकडे एक समज पसरलाय की मशीनला ठरावीक पाठ केलेला साचा सडासड म्हटला की मार्क मिळतात. काही वर्षं ते थोडंफार खपलंही असेल. पण ऑगस्ट २०२५ मध्ये पीटीईने बोलण्याचे दोन नवे प्रकार आणले आणि काही प्रश्नांची उत्तरं माणसांकडूनही तपासायला सुरुवात केली. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने पीटीईचे कटऑफ बदलले. आधी "प्रोफिशियंट" पातळीला सगळ्या विभागांत सरसकट ६५ लागायचे. आता लिसनिंगला ५८ आणि रीडिंगला ५९ पुरतात, पण रायटिंगला ६९ आणि स्पीकिंगला ७६ हवेत. म्हणजे नेमकं जिथे घोकंपट्टी चालायची तिथेच पायरी उंच केली. मराठी माध्यमातल्या पोराला हे दुप्पट लागतं, कारण त्याचा कमकुवत विभागही तोच.

उच्चाराबद्दल एक सांगतो. अहिराणी किंवा मराठी वळणाच्या इंग्रजीला मशीन मार्क कापतं असं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या बोलणाऱ्यांच्या आवाजांवर ते शिकवलेलं असतं. कापतं ते शब्द बदलला तर. आपल्याकडे "श" चा सहज "स" होतो, शाळेची साळा होते. "शी" म्हणायचं आणि "सी" ऐकू आलं, तर तो वेगळा शब्द झाला. आणि मध्येच तीन-चार सेकंद थांबून मनात भाषांतर करणं सगळ्यात महाग पडतं. फोनच्या व्हॉइस टायपिंगला इंग्रजीवर ठेवून रोज दहा मिनिटं बोला, ते काय टाइप करतं ते बघा. फुकट आहे आणि तोंडदेखलं कौतुक करत नाही.

मशीन चुकतं हेही लक्षात असू द्या. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळातल्या काही आयईएलटीएस परीक्षांचे लिसनिंग आणि रीडिंगचे निकाल तांत्रिक दोषामुळे चुकीचे लागले होते, हे आयईएलटीएसनेच नंतर मान्य केलं. ९९ टक्क्यांहून जास्त परीक्षा ठीक होत्या असं त्यांचं म्हणणं, पण लाखोंच्या संख्येत एक टक्काही छोटा नसतो. निकाल अगदीच अनपेक्षित वाटला तर फेरतपासणीचा अर्ज करता येतो, मार्क वाढले तर ती फी परत मिळते.

पैशाचा हिशोबही मांडू. एका परीक्षेची फी अठरा हजारांच्या आसपास जाते, यूकेव्हीआयची थोडी जास्त. भरण्याआधी साइटवर आजचा आकडा बघा. सोनगीरहून पुणे किंवा मुंबई गाठायची, आदल्या रात्री मुक्काम, म्हणजे आणखी तीन-चार हजार. भांड्यांच्या दुकानावर किंवा कपाशीवर चालणाऱ्या घराला दुसरा प्रयत्न म्हणजे नुसता खर्च नसतो, घरातला वाद असतो. माझ्या एका वर्गमित्राला एजंटाने कॅनडासाठी अ‍ॅकॅडमिक परीक्षा बुक करून दिली. एक्सप्रेस एंट्रीला जनरल ट्रेनिंग लागते. मार्क उत्तम आले, उपयोग शून्य. बुकिंग स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ईमेलवरून करा, आणि नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा.

तारखेकडेही लक्ष ठेवा. ब्रिटन आणि कॅनडाला निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो, ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक स्किल्ड व्हिसांना तीन. एकच विभाग पुन्हा देण्याची आयईएलटीएसची सोय कॅनडा मानत नाही. ब्रिटनसाठी तर नोकरी देणाऱ्या कंपनीचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट हातात असल्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही, त्यामुळे मुलाखतींना सुरुवातही नसताना आज परीक्षा देऊन ठेवली तर तिची दोन वर्षं ऑफर येण्याआधीच संपू शकतात. एक्टिसची कागदपत्रं मात्र आत्ता जमवायला हरकत नाही. विद्यापीठातून माध्यमाचं पत्र मिळायला किती फेऱ्या लागतात, ते जळगावला जाऊन आलेल्याला विचारा.