निरागसतेचा विभाव

लहान मुलांच्या छायाचित्रांवर मराठीत जे लिहिले जाते, त्यातून 'सहज', 'निरागस' आणि 'उत्स्फूर्त' ही तीन विशेषणे वगळली तर फारसे काही हाती लागत नाही. मुलाला नकळत टिपले म्हणजे खरे टिपले, अशी समजूत या विशेषणांमागे आहे. ती आम्हांस मान्य नाही.

उत्स्फूर्ततेचा पुरावा म्हणून छायाचित्राकडे बोट दाखवण्याची चाल जुनीच. डार्विनने १८७२ साली माणूस व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ऑस्कर रायलँडरची छायाचित्रे होती. त्यांतले रडणाऱ्या तान्ह्या मुलाचे चित्र अफाट गाजले. ते वस्तुतः मूळ छायाचित्रावरून काढलेल्या रेखाटनाचे छायाचित्र होते, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. (रडे खरे असेलही, लोकांनी पाहिले ते गिरवलेले रडे.)

पण याहून गंभीर उदाहरण अलीकडचे आहे. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी एका अफगाण मुलीचे छायाचित्र घेतले. जून १९८५ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर ते आले आणि तिच्या हिरव्या डोळ्यांतल्या 'गूढा'वर रकानेच्या रकाने खर्ची पडले. शरबत गुला हे तिचे नाव जगाला कळले ते २००२ साली. परक्या पुरुषाने चित्र काढले याचा आपल्याला राग आला होता, असे तिने तेव्हा सांगितले. त्याच वेळच्या दुसऱ्या एका चित्रात तिने ओढणीने तोंड झाकून घेतलेले दिसते. मग तिचा उत्स्फूर्त हावभाव कोणता? आमच्या मते तोंड झाकणे हाच. जगप्रसिद्ध झाले ते हात खाली आल्यानंतर जे उरले ते.

रसचर्चा शिकवणाऱ्यांना तरी हे नव्याने सांगायला नको. डोळे विस्फारणे हा अनुभाव. त्याचा विभाव चौकटीबाहेर ठेवला की पाहणारा आपल्या पदरचा भाव त्यात भरतो. रागाचे गूढ होते ते असे. याउलट कार्तिए-ब्रेसाँचे १९५४ चे र्‍यू मुफतार येथील चित्र पाहावे: मुलाच्या ऐटीचे कारण, दारूच्या दोन मोठ्या बाटल्या, त्याच्या काखेतच आहे. ते चित्र आम्हांला आवडते, आणि ते नकळत घेतले की कसे याच्याशी त्या आवडीचा संबंध नाही.

विचारले की मुद्रा मोडते, हा आक्षेप ठरलेला. मोडू द्यावी. आज हातातल्या फोनवर एकाच खेळाची चाळीस चित्रे निघतात आणि त्यांतले एक 'सहज' म्हणून निवडले जाते. उरलेल्या एकोणचाळीसांपैकी कशात मूल पाठ फिरवून उभे असेल, तर समीक्षकाने आधी ते मागून घ्यावे, आणि मग 'निरागस' हा शब्द लिहायचा की नाही ते ठरवावे.