पोथी, गुरू आणि ‘गुप्त विद्या’ : चिनी अंतर्गत युद्धकलांविषयीचा एक सोयीस्कर समज (थ्रेड)

१/ “अंतर्गत युद्धकला पुस्तकातून शिकता येत नाही, ती गुरूच्या हातूनच मिळते.” ताई ची, शिंग-ई किंवा बाग्वा या चिनी कलांचा विषय निघाला की हे वाक्य ठरल्याप्रमाणे येते आणि सारे माना डोलावतात. हे वाक्य निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याने मात्र या कलांच्या इतिहासाचे फार नुकसान केले आहे.

२/ आधी खरा भाग मान्य करावयास हवा. या कलांचा भर दंडातील बळावर नसतो. शरीराचा तोल, सांध्यांची एकसंध हालचाल आणि प्रतिस्पर्ध्याचा जोर स्पर्शाने ओळखणे यांवर त्या उभ्या आहेत. ताई चीमध्ये दोघे समोरासमोर उभे राहतात, हाताला हात लावतात आणि समोरच्याचा तोल कोठे ढळतो ते चाचपतात. छापील पान कोणाला ढकलत नाही. ही उणीव कितीही सचित्र ग्रंथाने भरून निघत नाही.

३/ आता इतिहासाकडे वळू. हुआंग झोंगशी हा पतन पावलेल्या मिंग राजवटीशी एकनिष्ठ राहिलेला विद्वान. १६६९ मध्ये त्याने वांग झेंगनान या योद्ध्याचा मृत्युलेख रचला. युद्धकलेची ‘अंतर्गत’ आणि ‘बाह्य’ अशी दोन घराणी सांगणारा हा सर्वांत जुना ज्ञात लेख. आजच्या तीन कलांशी वांगच्या कलेचे थेट नाते सिद्ध झालेले नाही. नाव मात्र पुढे त्यांना चिकटले. म्हणजे ज्या घराण्याची विद्या ‘कागदावर उतरत नाही’ असे सांगतात, त्या घराण्याचे नावच कागदावरून आले आहे.

४/ हुआंगचा मुलगा बाइज्या हा वांगचा शिष्य. गुरूचे घर अरुंद, म्हणून शेजारच्या देवळात शिकवणी चाले. पुढे बाइज्याचे मन ग्रंथाभ्यासाकडे वळले आणि सराव सुटला. गुरू वारला. दुसरा कोणी वारस उरला नाही, हे ध्यानी आल्यावर त्याने १६७६ मध्ये आठवेल ते सारे लिहून काढले : डावांची नावे, पाठांतराची पदे, त्यांवरील खुलासे. ते लिखाण आजही उपलब्ध आहे. कला मात्र लुप्त झाली.

५/ “पाहा, ग्रंथ उरला आणि कला गेली!” असे परंपरावादी म्हणतील. पण त्याच ग्रंथात त्या घराण्याचा एक दंडकही नोंदलेला आहे. पाच प्रकारच्या माणसांना ही विद्या देऊ नये : कपटी, भांडखोर, मद्यपी, प्रदर्शनाची हौस असलेला आणि मऊ हाडांचा मंदबुद्धी. इतकी चाळणी लावल्यावर शिष्य उरणार किती? कला ग्रंथामुळे बुडाली नाही. ती बुडू लागली तेव्हा ग्रंथ लिहिला गेला. गुप्ततेने तिचे रक्षण केले नाही. तिचा जो काही मागमूस आज आहे तो ग्रंथामुळेच.

६/ ग्रंथ आणि आखाडा यांचे नाते याहून जुने आहे. छी जिग्वांग या मिंग सेनापतीने समुद्री चाच्यांशी लढताना, १५६० च्या सुमारास, सैन्य-प्रशिक्षणाचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे चित्रांसह दिले आहेत. त्यांतील अनेक पवित्र्यांची नावे हनान प्रांतातील चेनच्यागोऊ गावाच्या ताई चीत आढळतात. गावाने ती ग्रंथातून घेतली, की दोघांचा उगम एकच, हा वाद वेगळा. ‘निव्वळ मौखिक परंपरा’ हा दावा मात्र येथे टिकत नाही.

७/ एकोणिसाव्या शतकातील ली यीयू हे नाव लक्षात ठेवावे. मामा वू यूश्यांग याच्याकडून त्याला कला मिळाली आणि काही जुनी लिखितेही. ती लिखिते एका मिठाच्या दुकानात सापडली, अशी आख्यायिका आहे. यीयूने १८८१ मध्ये त्यांच्या प्रती स्वहस्ते तयार केल्या. त्याच्या प्रस्तावनेत ताई चीचा प्रवर्तक कोण हे ठाऊक नाही, अशी स्वच्छ कबुली आहे. नंतरच्या वंशावळींना हा प्रामाणिकपणा झेपला नाही. त्यांनी झांग सानफेंग या सिद्धपुरुषाला मूळपुरुष करून टाकले.

८/ विसाव्या शतकात तर थोर गुरूंनीच लेखणी उचलली. सुन लुतांगचा शिंग-ईवरील ग्रंथ १९१५ चा, ताई चीवरील १९२१ चा. यांग चेंगफूचे ग्रंथ १९३१ आणि १९३४ चे. चेन शिनने १९०८ ते १९१९ अशी बारा वर्षे खपून आपल्या घराण्याची कला शब्दबद्ध केली. १९२९ मध्ये तो वारला आणि ग्रंथ १९३३ मध्ये छापला गेला. ज्यांच्या नावाने आज ‘पुस्तके निरुपयोगी’ असे सांगितले जाते, त्यांनी आपले उतारवय पुस्तकांतच घातले.

९/ याची कारणे उघड आहेत. छिंग राजवट कोसळली होती आणि दुबळे राष्ट्र सबळ कसे व्हावे, हा प्रश्न ऐरणीवर होता. शांघायची जिंगवू संस्था १९१० ची, नानजिंगची मध्यवर्ती राष्ट्रीय युद्धकला संस्था १९२८ ची. एका घराच्या अंगणातील विद्या साऱ्या देशाच्या शाळांत न्यावयाची, तर पाठ्यपुस्तकावाचून गत्यंतर नव्हते.

१०/ याच काळात तांग हाओ या अभ्यासकाने १९३० मध्ये शाओलिन आणि वुडांग परंपरांची चिकित्सा प्रसिद्ध केली. झांग सानफेंग आणि बोधिधर्म या दोन्ही ‘आद्य गुरूं’च्या कथा त्याने पुराव्याअभावी निकालात काढल्या. “भारतीय बोधिधर्माने चीनला कुंग फू दिले” असे अभिमानाने पुढे धाडणाऱ्या मराठी तरुणांनी येथे क्षणभर थांबावे. त्या कथेचे एक मूळ ‘यीजिन जिंग’ या व्यायामग्रंथात आहे. तो सतराव्या शतकातला. त्याच्या प्रस्तावना मात्र कित्येक शतके जुन्या असल्याचा आव आणतात. बखर आणि अस्सल पत्र यांतील फरक शिवकाळापुरता पाळावा आणि बोधिधर्मापाशी विसरावा, हे इतिहासप्रेम नव्हे.

११/ मग पुस्तकातून शिकावे का? पुस्तक क्रम देते, कारण देते आणि प्रश्न विचारण्याची भाषा देते. छायाचित्र पवित्र्याचा शेवट दाखवते, तेथवरचा प्रवास दाखवत नाही. एकट्याने शिकणाऱ्यास स्वतःची चूक दिसत नाही. त्यासाठी दुसरे शरीर लागते : जाणता शिक्षक मिळाल्यास उत्तम, निदान प्रामाणिक जोडीदार. त्याच्यापाशी कौशल्य हवे. सतराव्या पिढीची वंशावळ असलीच पाहिजे असे नाही.

१२/ खरा धोका पुस्तकी शिष्याचा नाही. तो फार तर चुकीचे हातवारे करील. धोका आहे “आमची विद्या लिहिलेली नाही, म्हणून तपासूही नका” असे म्हणणाऱ्या गुरूचा. अशा विद्येचा खरेखोटेपणा कोणी पारखू शकत नाही, आणि शिष्याची उमेदीची वर्षे त्या न पारखता येणाऱ्या गोष्टीवर खर्च होतात. कागद मागणे हा गुरूचा अपमान नव्हे. वांग झेंगनानचे नाव साडेतीनशे वर्षांनंतर घेतले जाते, ते सराव सोडलेल्या त्याच्या एका शिष्याने कागद जवळ केला म्हणून.

लेखनसीमा.