पाच जूनला येणाऱ्या पाहुण्यांस अनावृत पत्र

आदरणीय पाहुण्यांनो,



जागतिक पर्यावरण दिन आला की तुम्ही आमच्या शाळा-कॉलेजांत येता. रोप लावता, आमच्याकडून वसुंधरेची शपथ म्हणवून घेता आणि शेवटी सांगता की आता सगळी आशा तुमच्या पिढीवर आहे. मी नवी मुंबईतल्या कळंबोलीत वाढले, सध्या पदवीचं शिक्षण घेते आहे. तुमचं हे म्हणणं मी लहानपणापासून मनापासून खरं मानलं. म्हणूनच आज इतकं वाईट वाटतंय.

अशाच एका कार्यक्रमात मी उभी राहून विचारलं होतं. रात्री तळोज्याकडून वारा सुटला की आमच्या घरांत उग्र वास भरतो. उकाड्यातही खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आजीचा खोकला थांबत नाही. तो वास कशाचा? तो कोण मोजतं? मोजलेले आकडे आम्हाला मराठीत कुठे वाचायला मिळतील? व्यासपीठावरचे पाहुणे कौतुकाने हसले, मुलगी हुशार आहे म्हणाले. टाळ्या पडल्या आणि माइक पुढे गेला. प्रश्न चुकला असता तर तसं सांगायचं होतं. माहीत नसतं तर विचारून कळवतो म्हणायचं होतं. माझं कौतुक झालं आणि प्रश्न तिथेच राहिला, हे मला फार लागलं.

तुमच्या भाषणांत वितळणारे हिमनग असतात, बुडणारी बेटं असतात. ते सगळं खरंच आहे. पण त्याच संकटाचा आमच्या वाट्याचा तुकडा इथे आहे. पुण्याचा एक्स्प्रेस वे जिथे सुरू होतो, तिथे आम्ही राहतो. लोखंड बाजाराचे ट्रेलर आणि बंदराकडे जाणारे कंटेनर यांची धूळ-धूर आमच्या गॅलरीत बसतो. शेजारच्या तळोजा एमआयडीसीतून कासाडी नदी वाहते. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यातली भटकी कुत्री निळी झाली, त्यांचे फोटो जगभर गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एका रंगद्रव्याच्या कारखान्याला टाळं लावावं लागलं. कासाडीतली मासळी गेल्याचं कोळी बांधव कधीपासून सांगत होते. त्यांचं सांगणं मात्र तेवढं लांब पोहोचलं नाही.

पाण्याचंही तसंच. कळंबोली सखल जमिनीवर वसवली गेली. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर पाणी थोपवून धरायला धारण तलाव ठेवले, ओहोटीला ते खाडीत सोडायचं. 26 जुलै 2005 ला इथल्या घरांत पाणी शिरलं. आमचे आईवडील अजूनही जुलै महिन्यात कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवतात. समुद्र चढत असताना तलावातला गाळ कधी निघणार, हा आमच्यासाठी हवामानबदलाचाच प्रश्न आहे.

आम्ही नुसतं बसून आहोत असं समजू नका. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीतली झाडं मेट्रो कारशेडसाठी रातोरात पडू लागली, तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. त्याच वर्षी दूर पॅसिफिकमध्ये कायदा शिकणाऱ्या मुलांनी ठरवलं की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूच्या सरकारने त्यांचा प्रश्न आपला मानला आणि देशोदेशी फिरून पाठिंबा मिळवला. 23 जुलै 2025 ला त्या न्यायालयाने मत दिलं की हवामान सांभाळणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. प्रश्न मुलांनी विचारला, पण तो उचलून चालणारी मोठी माणसं त्यांना लाभली. आम्हाला तीच हवी आहेत.

आणि अशी माणसं आपल्याकडेही होती. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी याच पनवेल-उरणचे शेतकरी त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्यामागे उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. पुढची पिढी बघून घेईल, असं ते म्हणाले नाहीत. ज्यांना ते हक्क देऊन गेले त्यांच्यात आम्हीही आहोत.

आमची आशा मोठी आहे. नदीत पुन्हा मासळी यावी, रात्री खिडकी उघडी ठेवता यावी, इथे काम करणाऱ्या माथाडी कामगारालाही स्वच्छ हवा मिळावी, आणि हेच जगभरच्या मुलांना मिळावं. कारखाने बंद करा असं आम्ही म्हणत नाही, आमच्या घरांतली माणसं तिथेच कामाला जातात. नियम पाळले जावेत आणि पाळले जातात हे आम्हाला दिसावं, एवढंच मागतो आहोत.

म्हणून येत्या पाच जूनला रोप आणलं नाहीत तरी चालेल. तळोज्याच्या हवेचे आणि कासाडीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे वर्षभराचे आकडे मराठीत आणा. धारण तलावातला गाळ काढण्याची तारीख आणा. उत्तर देऊ शकेल असा अधिकारी सोबत आणा आणि शेवटचा प्रश्न संपेपर्यंत थांबा. शपथ आम्ही बरेचदा घेतली आहे, या वेळी ती तुम्ही घ्या आणि लेखी द्या. पुढच्या वर्षी ती आम्ही तुमच्यासमोर वाचू आणि त्यातलं काय झालं ते विचारू.

आपली,
कळंबोलीची एक विद्यार्थिनी