बिनयीस्टचा पाव आणि ओढलेली कणीक



"काकू, सावरडो पाव आपल्याला चालतो ना? त्यात यीस्ट नसतं म्हणे." हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला आहे की आता एकदाच लिहून टाकते. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या लेकीसुना हा पाव शिकल्या. आता आपल्या यवतमाळ, दारव्हा, पुसदच्या ओट्यांवरही त्या काचेच्या बरण्या दिसू लागल्या आहेत.

आधी गैरसमज काढू. सावरडोत पाकिटातलं यीस्ट नसतं, एवढंच खरं. कणीक आणि पाणी कालवून बरणीत ठेवायचं, रोज थोडं काढून टाकायचं, नवी कणीक-पाणी घालायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत त्याला बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो. हे बुडबुडे पिठातच असलेल्या यीस्टचे आणि आंबटपणा दह्यातल्यासारख्या जिवाणूंचा. म्हणजे यीस्ट आहेच, फक्त विकत न आणता घरी वाढवलेलं. पुढे 230 अंशांच्या ओव्हनमध्ये ते सगळं मरतं. शिवाय बरणी ओसंडू नये म्हणून दर वेळी निम्मं फेकायचं, ते वेगळंच.

"पण आपण दही खातोच की," असंही कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. दह्यालाही आपल्याकडे मर्यादा आहे, आणि कडक नियम पाळणाऱ्या व्रतींच्या घरी विरजणाला जुनं दही लावत नाहीत. चांदीचा रुपया, मनुका नाहीतर नारळाची करवंटी दुधात टाकतात. कशासाठी? कालच्या दह्याची साखळी आजच्या दुधात चालू राहू नये म्हणून. सावरडोची बरणी म्हणजे कधीच न संपणारं विरजण. आमचं विरजण दहा वर्षांचं आहे, असं लोक कौतुकाने सांगतात. ज्या चौक्यात दळलेल्या पिठाची मर्यादा थंडीत 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस मोजतात, तिथे ही बरणी बसणार कुठे? माझ्या ओट्यावर ती नाही आणि येणारही नाही.

पण म्हणून जिच्या घरी ती आहे तिला मंदिराच्या पायरीवर टोमणे मारायचे, हे मला मान्य नाही. तीन-तीन दिवस गहू भिजवून, आंबवून कुरडया घालणारी घरं आपल्यातच आहेत. लग्नातली जिलबी आपण आवडीने घेतो. रात्रभर फुगलेलं इडलीचं पीठ कितीतरी फ्रिजांत असतं. तेव्हा सुनेच्या बरणीपुरतंच शास्त्र आठवू नये. जिला खायचं तिने खावं, जिचा नियम आहे तिने पाळावा, आणि शंका असेल तर आपल्या महाराजांना विचारावं. माझं भांडण फक्त पाकिटावरच्या "यीस्ट नाही" या शब्दांशी आहे. ते वाचून नियम असलेली बाई फसते.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. या पावासोबत हाताची एक कला आली आहे, कणीक ओढून घडी घालण्याची. ती प्रत्येकीने शिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिला आंबवण्याची गरजच नाही. मुली दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि बरणी नको म्हणून कलाही सोडून देतात.

आणि ही कला आपल्याला परकी कुठे आहे? नागपूरकडची लांब रोटी आठवा. लोकवन गव्हाची कणीक सैल भिजवतात, हाताने आपटून-आपटून तिला तार आणतात, मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत रुमालासारखा पातळ करतात आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकतात. फाटत नाही. खानदेशात तर पोटात पुरण घेऊन मांडा असाच हातावर वाढतो आणि खापरावर जातो. पाटावरच्या शेवया ओढणाऱ्या आपल्या आज्यांनाही हे हाताला ठाऊक होतं. यात खमीर कुठेच नाही. काम करते ती गव्हातली चिकट प्रथिनं. पाणी मिळालं की ती एकमेकांना धरायला लागतात आणि ओढलं की सरळ रांगेत येतात. तीच कणकेची तार.

पाववाले ज्याला कणीक विसावू देणं म्हणतात, ते आपलं मुरवणंच. रेमंड काल्व्हेल नावाच्या फ्रेंच प्राध्यापकांनी गेल्या शतकात ते शास्त्रीय पद्धतीने मांडलं: पीठ-पाणी नुसतं कालवून झाकून ठेवा, निम्मं मळणं आपोआप होतं. पुरणपोळीची कणीक तासभर झाकून ठेवणाऱ्या बाईला हे काही नवीन नाही.

पहिल्यांदा करणारीने अशी सुरुवात करावी. 300 ग्रॅम कणीक, 225 ग्रॅम पाणी, 3 ग्रॅम मीठ. मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम., त्यामुळे पाववाल्यांचा हिशोब मला फार आवडला. पीठ नेहमी 100 धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. इथे पाणी 75 टक्के. वाटी-चमच्याच्या भानगडीत पडू नका, वजनकाटा वापरा. आधी फक्त पीठ-पाणी कालवा, अर्धा तास झाकून ठेवा, मग मीठ घाला. हाताला चिकटेल, वाट्टेल तशी फाटेल. पीठ भुरभुरू नका, हात पाण्यात बुडवा.

आता उंड्याची एक बाजू धरून वर ओढा. किती? कणीक "पुरे" म्हणेल इतकी. ताण जाणवतो, तिथे थांबायचं. तुटेपर्यंत नाही. ती बाजू पलीकडच्या काठावर दुमडा, भांडं पाव फिरवा, पुन्हा ओढा, दुमडा. अशा चार ओढी म्हणजे एक फेरी. मग झाका आणि तुमच्या कामाला जा, एक माळ होते. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरी फेरी. अशा तीन किंवा चार. पहिल्या फेरीला चिखल, दुसरीला जरा शहाणपण, आणि तिसरीला तोच उंडा गुळगुळीत होऊन भांड्यात आपला आकार धरून बसतो. हाताला हा बदल कळला की शिकणं झालं. खात्री हवी असेल तर लिंबाएवढी कणीक घेऊन बोटांवर हळूहळू पसरा. पलीकडचा उजेड दिसेपर्यंत फाटली नाही तर तार आली. चक्कीच्या कणकेत कोंडा असतो आणि तो ही तार कापतो, म्हणून ती मैद्याइतकी पातळ होणार नाही. त्याने नाराज होऊ नका.

जोर लावायची हौस मात्र आवरा. आपल्याला तिंबायची सवय, त्यामुळे हात आपोआप बुक्क्या मारायला जातो. इथे वेळ काम करतो, मनगट नाही. माझ्यासारख्या सांधे दुखणाऱ्या बायकांना ही पद्धत म्हणून बरी. या कणकेला तेलाचा हात लावून त्याच सकाळी पुरणपोळी करून बघा, पुरण कसं कडेपर्यंत जातं ते. नाहीतर कोरड्या पिठावर लाटून साधे फुलके. काहीच आंबवलेलं नाही, काहीच उरवायचं नाही.

ज्या पाव करणारच आहेत त्यांच्यासाठीही सांगते, कारण अर्धवट माहितीने केलेल्या विटा शेवटी गाईपुढे जातात. सुरुवातीला मैदा आणि कणीक निम्मी-निम्मी मिळून 500 ग्रॅम, पाणी 350, विरजण 100, मीठ 10. ओढायची रीत वरचीच. परदेशी पुस्तकांतले तास मात्र इथे लावू नका. ते पंचवीसेक अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर असतो. तिथे चार-पाच तासांत होणारं काम इथे निम्म्याहून कमी वेळात होतं आणि तेवढ्याच वेगाने बिघडतं. फार आंबलं की आलेली तार सुटते, उंडा पाघळतो, मग कितीही ओढा, सावरत नाही. म्हणून उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्या, भांडं परातीतल्या गार पाण्यात ठेवा, दोन फेऱ्यांत पंधराच मिनिटं जाऊ द्या आणि सकाळी सातलाच सुरुवात करा, म्हणजे पाव निवून कापायलाही दिवस हाताशी राहतो.